गोटीरामने बांधलेली भट्टी

मी एक जुनी नळीची भट्टी आहे. नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र विभागाच्या मागे सायकली लावायची शेड आहे. तिच्या कोपऱ्यात मी दोन वर्षांपासून पडून आहे. माझ्या पत्र्याला गंज चढला आहे आणि एका तोंडात चिमण्यांनी काड्या कोंबल्या आहेत. येणारे-जाणारे मला बंबाचा तुटका तुकडा समजतात.

मित्रांनो, मी बंब नाही. माझ्या पोटात एके काळी नऊशे अंशांची धग असे. पण मला माझ्या धगीची गोष्ट सांगायची नाही. ज्याने मला बांधले त्याची सांगायची आहे. त्याच्या बाबतीत जे झाले ते माझ्या तोंडासमोर झाले.

१९७४ साल होते. निवृत्ती बोरस्ते नावाचे तरुण प्राध्यापक डॉक्टरेटसाठी संशोधन करणार होते. ते निफाडकडचे होते, घरचे द्राक्षांचे मळे सोडून रसायनांच्या मागे लागलेले. त्यांना एक भट्टी हवी होती. विभागाने अर्ज केला, स्मरणपत्रे पाठवली, तरी भट्टी काही येईना. तेव्हा प्रयोगशाळेचा परिचर गोटीराम अहिरे म्हणाला, "सर, मी बांधून देऊ का?"

गोटीराम मूळचा बागलाणातल्या नामपूरचा, म्हणून त्याच्या बोलण्यात 'आहे'ला अहिराणीतला 'शे' येई. सातपूरच्या एका कारखान्यात त्याने चार वर्षे भट्टीखात्यात काम केले होते. कारखाना बंद पडला आणि तो कॉलेजात काचेची भांडी धुवायला लागला. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण त्याचे हात फार शिकलेले होते. त्याने कुंभारवाड्यातून उष्णता सोसणारी मातीची नळी भाजून आणली. तिच्यावर तारेचे वेटोळे घातले. मधे विरळ आणि दोन्ही टोकांना दाट. "टोकं लवकर निवतात, तिथं तार जास्त पाहिजे," एवढेच तो म्हणाला. बाहेरून विटांचा भुगा ठासला आणि पत्र्याचा डबा बसवला. आत चिनी मातीची एक गुळगुळीत पांढरी नळी सरकवली. तापवायचा माल या आतल्या नळीत ठेवायचा. ती खराब झाली तर तेवढीच बदलायची.

बोरस्ते सरांना लगेच बटण दाबायचे होते. गोटीरामने त्यांचा हात धरला. "तीन दिवस हळूहळू तापवू, सर. नव्या चुलीला कोणी एकदम जाळ घालतं का?" सर हसले आणि तीन दिवस थांबले. तेव्हा ते त्याचे ऐकत असत.

आता माझ्या पोटात काय तयार होत होते ते थोडक्यात सांगते. लँथॅनम नावाचा एक धातू आहे. त्याच्या जातीच्या धातूंना दुर्मिळ मृदा म्हणतात. त्याचे ऑक्साइड म्हणजे पिठासारखी पांढरी पूड. ती नवसागराबरोबर खलात घोटायची, होडीच्या आकाराच्या वाटीत भरायची आणि माझ्यात नऊशे अंशांपर्यंत तापवायची. अमोनियाचा झोंबरा वास आणि पाण्याची वाफ निघून जाते आणि मागे लँथॅनमचे ऑक्सिक्लोराइड राहते. तीही पांढरी पूड, पण तिचे कण अभ्रकाच्या कपच्यांसारखे चपटे असतात. पाण्यात ती विरघळत नाही, आम्लात विरघळते. आणि तिच्यात टर्बियम नावाच्या दुसऱ्या दुर्मिळ धातूची चिमूट मिसळली, तर अतिनील दिव्याखाली ती हिरवी उजळते. कोवळ्या भाताच्या खाचरासारखी.

क्ष-किरण पडले तरी ती उजळते. म्हणून दवाखान्यातल्या फोटोच्या पडद्याला अशा पुडीचा लेप दिला, तर कमी किरणांत स्पष्ट फोटो निघतो आणि माणसाच्या अंगावर कमी किरण पडतात. बोरस्ते सर हे गोटीरामला समजावून सांगत. गोटीराम घरी जाऊन बायकोला, कलाबाईला सांगे. तिच्या भावाचे क्षयासाठी पुन्हा पुन्हा छातीचे फोटो काढावे लागत, म्हणून तिला ते चटकन कळले.

पहिले वर्ष बरे गेले. मग पावसाळा आला आणि सगळे बिनसले. तीच पूड, तेच वजन, तीच भट्टी, पण माल कधी अर्धवट, कधी भलताच. बोरस्ते सरांनी मला दोष दिला. उष्णतामापकाला दोष दिला. दोन महिने ते चिडचिडत होते. गोटीराम मात्र पुडीच्या बरणीकडे बघत राहिला. एका सकाळी त्याने बरणी तराजूवर ठेवली, दुपारी झाकण उघडे ठेवून पुन्हा वजन केले आणि सरांना हाक मारली.

"सर, ही पूड जड होत जाती."

"जड कशी होईल? कोणी घातलं का तिच्यात काही?"

"हवेनं घातलं. आमच्याकडं चुनकळी उघडी राहिली तर आपोआप फुलती, पिठूळ होती. ही त्यातलीच दिसती. तुम्ही पूड म्हणून जे मोजता त्यात बरीच हवा आणि पाणी शे."

खरेच तसे होते. लँथॅनमचे ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन बसते, आणि दिसायला मात्र जशीच्या तशी पांढरी पूड. त्या दिवसापासून गोटीराम वजन करण्याआधी पूड माझ्यात भाजून घेऊ लागला. नवसागरही लवकर उडून जातो, म्हणून तो वाटीवर झाकण ठेवी, नवसागर थोडा जास्त घाली आणि मला तीनशे अंशांच्या आसपास बराच वेळ थांबवून मगच पुढे नेई. माल झाला की माझी दोन्ही तोंडे बंद करून निवू देई, कारण तापलेल्या ऑक्सिक्लोराइडला दमट हवा लागली तर ते परत ऑक्साइड होऊ लागते. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. बिघडलेला माल बघून बघून तो शिकला होता. मापकाचा काटा अडकला तर तो माझ्या तोंडाशी वाकून आतला रंग बघे. डाळिंबी लाल झाला की म्हणे, "अजून नाही." केशराकडे झुकला की म्हणे, "झालं."

पुढची चार वर्षे माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे होती. दुपारी दोघे माझ्याशेजारच्या ओट्यावर एकाच डब्यातून जेवत. सर निफाडहून द्राक्षे आणत, कलाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा देई. सर त्याला 'दादा' म्हणत. एकदा दिव्याखाली फार सुरेख हिरवा नमुना उजळला, तेव्हा सर म्हणाले, "दादा, माझ्या थिसिसमध्ये पहिल्या पानावर तुमचं नाव येणार." गोटीराम लाजला. त्याने माझा पत्रा फडक्याने पुसला, तो आधीच स्वच्छ होता तरी.

१९८० च्या मार्चमध्ये टर्बियमची एक नवी छोटी बाटली विभागात आली. ती परदेशातून मागवली होती आणि तिच्यासाठी आठ महिने वाट पाहिली होती. विभागप्रमुख चिमाजी सोनवणे सरांनी ती कपाटात कुलूप लावून ठेवली. "थोडी थोडी वापरा, वहीत लिहून," असे त्यांनी बजावले. किल्ली गोटीरामकडे दिली. सगळ्या विभागात त्यांचा विश्वास त्याच्यावरच होता.

एका शनिवारी नामपूरला गोटीरामचे चुलते वारले. एसटी पकडायच्या घाईत त्याने किल्ली बोरस्ते सरांच्या हातात दिली. "लागली तर असू द्या. मी मंगळवारी येतो."

रविवारी दुपारी बोरस्ते सर एकटेच आले. थिसिस द्यायची मुदत जवळ आली होती आणि त्यांना एक मोठा नमुना हवा होता, फोटोच्या पडद्याएवढा लेप देता येईल असा. त्यांनी बाटलीतले सगळे टर्बियम एकदम मिसळले. पूड आधी भाजली नाही. झाकण ठेवले नाही. मला तीनशेवर थांबवले नाही. 'गोटीरामच्या खोडी' असे ते त्या गोष्टींना म्हणत, आणि त्या दिवशी त्यांना खोडींसाठी वेळ नव्हता.

मी सरळ वर चढत गेले. नवसागर भराभर उडाला, नळीच्या थंड टोकाला जाऊन गोठला आणि त्याने वाटच बुजवली. आत वाफ कोंडली. मी काही करू शकत नव्हते. एक फटका बसला, दुसऱ्या तोंडाचे बूच उडाले, वाटी तडकली आणि सगळी पूड आतल्या नळीच्या भिंतीवर उडाली. सर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना इजा झाली नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला बंद केले, फरशी पुसली, रिकामी बाटली खिशात घातली आणि कपाटाला कुलूप लावून, किल्ली गोटीरामच्या खणात ठेवून निघून गेले. वहीत काही लिहिले नाही.

मंगळवारी गोटीराम आला. माझ्या तोंडाशी पांढरा थर बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने खिडकीचे पडदे ओढले आणि अतिनील दिवा माझ्या तोंडाशी धरला. मी आतून आरपार हिरवी उजळले. इतकी हिरवी मी कधीच उजळले नव्हते. त्याने कपाट उघडले, बाटलीची जागा पाहिली आणि बोरस्ते सरांची वाट बघत बसला.

सर आले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, रविवारी भट्टी चालवली का?"

सर खाली बसले. "दादा, मला वाटलं होतं, तुम्ही यायच्या आत करून दाखवू. सगळी बाटली गेली."

"मग सोनवणे सरांना सांगा. चूक झाली म्हणा. ते काय खातील का?"

"आत्ता सांगितलं तर ते माझ्या कागदांवर सही करणार नाहीत. सहा वर्षं पाण्यात जातील. तीन आठवडे थांबा फक्त. थिसिस गेला की मी स्वतः जाऊन सांगतो."

"आणि मला विचारलं तर?"

"माहीत नाही म्हणा. किल्ली तुमच्याकडेच होती म्हणा. तुमच्यावर कोण संशय घेणार आहे, दादा?"

गोटीरामने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "तुमचा शब्द शे ना?"

"शब्द आहे."

ती नळी गोटीरामला काढून घरी नेता आली असती. त्याने नेली नाही. मित्राच्या शब्दाला पुरावा लागतो, हे त्याच्या मनातच आले नाही.

आठवडाभरात बाटली नसल्याचे सोनवणे सरांच्या ध्यानात आले. प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. समिती प्रयोगशाळेतच बसली, कारण त्यांना कपाट बघायचे होते. कुलूप शाबूत होते.

"त्या शनिवार-रविवारी किल्ली कोणाकडे होती?" सोनवणे सरांनी विचारले.

गोटीरामने बोरस्ते सरांकडे पाहिले. सर वहीची पाने चाळत होते. "माझ्याकडे," तो म्हणाला.

"बोरस्ते, तुम्ही कपाट उघडलं होतं?"

"नाही, सर."

"भट्टी चालवली होती?"

"नाही. रविवारी मी आलोच नव्हतो."

मित्रांनो, गप्प राहणे वेगळे आणि हे वेगळे. गोटीरामने डोळे मिटून घेतले. तरीही तो काही बोलला नाही. तीन आठवडे व्हायचे होते, आणि त्याने शब्द घेतला होता तसा दिलाही होता.

समितीने लिहिले की बाटली परिचराच्या ताब्यातून गहाळ झाली. नोकरी गेली नाही, पण प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला बंदी झाली आणि त्याला कॉलेजच्या फाटकावर बसवले. कोणी म्हणाले, बाटली मुंबईला विकली. कोणी म्हणाले, नामपूरला काय न्यायला गेला होता ते आता कळले. आठ वर्षे ज्याने विभागातली काचेची एक नळी इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याला मुले फाटकावर 'बाटली' म्हणू लागली.

एप्रिलमध्ये थिसिस गेला. सरांनी सोनवणे सरांना सांगितले नाही. गोटीरामने फाटकावर विचारले, तेव्हा म्हणाले, "तोंडी परीक्षा होऊ द्या, दादा." जून उजाडला, शाळा सुरू झाल्या. एका सकाळी कलाबाई प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. बोरस्ते सर एकटेच होते.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी जेवलात. मी तुम्हाला परकं धरलं नाही. माझी सुमन शाळेतून रडत येती. पोरी तिच्याशेजारी दप्तर ठेवत नाहीत, म्हणतात तुझा बाप चोर शे. तुम्ही कधी सांगणार ते मला सांगा. मी तिला तेवढा दिवस सांगते."

"वहिनी, थोडं थांबा."

"थांबती. किती ते सांगा."

सर समोरच्या बाटल्या ओळीत लावू लागले. कलाबाई वळली. जाताना म्हणाली, "ते अजून म्हणतात, माझा सर खोटा नाही. मीच त्यांना काही म्हणत नाही. पण एखाद्या दिवशी ते बोलतील, ही भट्टी दाखवतील. त्यात अजून तुमचं ते हिरवं शे, असं म्हणत होते."

बिचारीला कळले नाही की ती काय बोलून गेली. तिने धमकी दिली नव्हती, वेळ दिला होता. सरांनी त्याचा उपयोग केला.

त्याच दुपारी त्यांनी माझी आतली नळी बाहेर ओढली. मी तिच्याभोवती सहा वर्षे तापले होते. त्यांनी ती पोत्यात गुंडाळली आणि हातोड्याने फोडली. एक, दोन, तीन, मग मोजायचे भान मला राहिले नाही. पोते सायकलच्या कॅरिअरला बांधून ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात कोरी नळी सरकवली. ज्या हातांना तीन दिवस थांबायला गोटीरामने शिकवले होते, त्याच हातांनी हे केले.

चारच दिवसांनी गोटीरामचा धीर सुटला. तो सोनवणे सरांकडे गेला आणि सगळे सांगितले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, सर. भट्टीत दिवा धरून बघा. टर्बियम कुठं गेलं ते तीच दाखवील." सोनवणे सर माणूस वाईट नव्हते. ते आले. बोरस्ते सरांनाही बोलावले. पडदे ओढले गेले. दिवा कोणी धरला, माहीत आहे? बोरस्ते सरांनी.

मी काळी होते. आत काहीच नव्हते.

गोटीराम वाकला, दुसऱ्या तोंडाकडून बघितले, पुन्हा पहिल्या तोंडाशी आला. मग त्याने आत बोट घालून नळीवरून फिरवले. बोट बाहेर काढून बघितले. ते स्वच्छ होते. त्याला कळले. आरडाओरडा त्याने केला नाही. बोरस्ते सरांकडे त्याने असे पाहिले, जसे आपण ओळखीच्या घराचे दार वाजवावे आणि भलत्याच माणसाने उघडावे.

"गोटीराम," सोनवणे सर खेदाने म्हणाले, "आता पुरे कर. सरांचं आयुष्य मार्गी लागतंय. त्यांच्यावर असं बालंट आणू नको."

तो निघून गेला. नंतर पाच वर्षे मी त्याला पाहिले नाही, जरी फाटक माझ्यापासून शंभर पावलांवर होते.

बोरस्ते सर डॉक्टर झाले आणि पुण्याला मोठ्या कॉलेजात गेले. थिसिसची काळी बांधीव प्रत विभागात आली. शिपाई पुंजाराम पहिले पान एका मुलाकडून मोठ्याने वाचून घेत होता, म्हणून मला कळले. मार्गदर्शकांचे आभार होते, प्राचार्यांचे होते, टंकलेखकाचे होते, भिंतीतली तार दुरुस्त करणाऱ्याचेही होते. माझ्याविषयी एक ओळ होती: भट्टी स्थानिक पातळीवर बनवून घेतली. कोणी बनवली ते नव्हते.

मला कोणी विचारीनासे झाले. माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले गेले.

१९८५ मध्ये लताबाई पगारे नावाच्या नव्या प्राध्यापिका आल्या. त्यांचे वडील गिरणी कामगार होते. त्या मुळीच गवगवा न करता काम करीत. त्यांनी गठ्ठे उतरवले, मला झटकले आणि थिसिस समोर उघडा ठेवून तेच ऑक्सिक्लोराइड करायला घेतले. जुलै-ऑगस्ट गेला, पण माल काही जमेना. त्यांनी पुण्याला पत्र लिहिले. उत्तर आले, 'काळजीपूर्वक करावे.' लताबाईंनी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

शेवटी पुंजाराम म्हणाला, "बाई, हे कागदात सापडायचं नाही. फाटकावरच्या माणसाला विचारा."

लताबाई तीनदा फाटकावर गेल्या. गोटीराम तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा तो आला, पण उंबऱ्याशीच थांबला. "मला आत यायची बंदी शे, बाई."

"ती मी उठवून आणली आहे," लताबाई म्हणाल्या. "लेखी."

तो आत आला. केस पिकले होते. त्याने माझ्या पत्र्यावर तळहात टेकवला. मग बरणीतली पूड चिमटीत धरून बघितली. "ही भाजली का आधी?"

"भाजायची असते? लिहिलेलं नाही कुठे."

"नसणार," गोटीराम म्हणाला.

पंधरा दिवसांत माल जमला. त्याने एकेक पायरी करून दाखवली आणि लताबाईंनी एकेक पायरी वहीत लिहिली. मग त्यांनी विचारले की इतके येत असताना तुम्ही फाटकावर का. त्याने सगळे सांगितले.

पुढच्या एप्रिलमध्ये बोरस्ते सर बाहेरचे परीक्षक म्हणून नाशिकला आले. अंगाने भरले होते, चष्मा लागला होता. मुलांची परीक्षा संपली. लताबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या थिसिसमध्ये ऑक्साइड आधी भाजायची पायरी नाही. तिच्याशिवाय माल होत नाही. मग तुमचे नमुने कसे झाले?"

सरांनी कप खाली ठेवला. "ते गोटीराम करायचा," ते म्हणाले.

"तो इथेच आहे," लताबाई म्हणाल्या. गोटीराम ओट्यामागे वाटी पुसत उभा होता. सरांनी त्याला ओळखले नव्हते.

खोलीत आता तिघेच होते. गोटीराम म्हणाला, "सर, ती नळी कुठं टाकली?"

सरांनी दाराकडे पाहिले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "नदीत. टाळकुटेश्वराच्या पुलावरून." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी बाकीचेही सांगितले. किल्ली, रविवार, बाटली, सगळे. त्यांचा चष्मा ओला झाला होता. मला वाटले, आता झाले.

"हे लिहून द्याल?" लताबाईंनी विचारले.

"आता कशाला, बाई? सोनवणे सर गेले. समिती राहिली नाही. कोणाला दाखवायचं ते?"

"कागद नको," गोटीराम म्हणाला. "मला कागदाचं काही नाही. माझ्या घरी चला. कलाला सांगा, सुमनला सांगा. ती माहेरी आलेली शे. इथून पंचवटी रिक्षानं दहा मिनिटं. चहा घ्या आणि जा."

सरांनी घड्याळ बघितले. मी अजून ते विसरले नाही. "दादा, मला चारची पुण्याची गाडी आहे. पुढच्या खेपेला नक्की येतो."

गोटीराम म्हणाला, "बरं."

पुढच्या वर्षी त्यांनी नाशिकची परीक्षा नाकारली. त्यानंतरही ते कधी आले नाहीत.

संध्याकाळी लताबाई स्वतः पंचवटीला गेल्या आणि कलाबाईला, सुमनला सरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी गोटीरामने मला पुसताना ते सांगितले, मला म्हणण्यापेक्षा स्वतःलाच. सुमन रडली म्हणे. कलाबाई रडली नाही. ती म्हणाली, "बाई, तुमचे उपकार शेत. पण हे मला आधीच माहीत होतं. मला बातमी नको होती. तो माणूस दारात यायला पाहिजे होता."

१९८७ मध्ये गोटीराम निवृत्त झाला. त्याच वर्षी मुंबईहून नवी, चकचकीत, आकडे दाखवणारी भट्टी आली आणि मला शेडमध्ये आणून टाकले. याचे मला वाईट वाटले, पण फार नाही. भट्ट्या जुन्या होतात.

मित्रांनो, मला रंग द्या, मला जपा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या शाळेतही कोणीतरी परीक्षानळ्या धुवून उपड्या ठेवत असेल. त्याचे नाव विचारा आणि जे त्याने शिकवले ते त्याच्या नावाने सांगा. आणि तुमच्या हातून काही सांडले, फुटले, तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, आपल्या तोंडाने सांगा. तुमच्यासाठी गप्प राहणाऱ्या माणसाला फार दिवस गप्प ठेवू नका. त्याच्या घरी एक लहान मुलगी असते. ती रोज शाळेत जाते.